पिवळ्या कागदावरची तारीख

"आत्या, गाडी बंगळुरात तयार उभीय. इथं चार महिने थांबा म्हणतात. टेम्पररी नंबरवर घेऊन येऊ का?"

इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा हा फोन. मी त्याला उलट एवढंच विचारलं, "टेम्पररीची मुदत कधी संपते?" त्याला ते माहीत नव्हतं. शोरूममधून फक्त "भरपूर वेळ आहे" असं सांगितलं होतं. पुढचा अर्धा तास आम्ही खर्चाचा हिशेब मांडत बसलो. पुणे-सोलापूर रस्त्यावर पिवळ्या कागदावर लाल अक्षरांचा नंबर लावलेल्या गाड्या रोज दिसतात आणि तोच हिशेब त्यांच्याही मालकांना लागू आहे, म्हणून तो इथे मांडते.

आधी हे बघा, की तुम्हाला टेम्पररी नंबर लागतो का? गाडी पुण्यात, बारामतीत किंवा सोलापुरात, म्हणजे महाराष्ट्रातच घेत असाल आणि पासिंगही इथलंच असेल, तर सहसा लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून राज्यातल्या राज्यात विकलेल्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नसते. पत्ता इंदापूर तालुक्यातला असेल तर पुण्यात घेतलेल्या गाडीलाही बारामतीचा एमएच-४२ मिळतो, त्यासाठी तुम्ही आरटीओत खेटे घालायची गरज नाही. तरीही दसरा-पाडव्याला "मुहूर्त चुकवू नका, नंबर मागून येईल" असा आग्रह होतो. घरात म्हातारी माणसं ओवाळायला थांबलेली असतात, हे मला कळतं. पण पूजा शोरूममध्येही होते. हार तिथेच घाला आणि चावी नंबर आल्यावर घ्या.

टेम्पररी नंबर खरा लागतो तो दोन प्रसंगी. एक, गाडी परराज्यात घेऊन पासिंग इथे करायचं असेल तेव्हा. दुसरा, ट्रकची नुसती चॅसी घेऊन बॉडी बांधायला द्यायची असेल तेव्हा.

परराज्यातून गाडी आणण्यामागे बहुतेकांच्या डोक्यात एक गैरसमज असतो, की तिकडे कर कमी म्हणून गाडी स्वस्त पडते. तुम्ही राहता इंदापूर तालुक्यात, गाडी उभी राहणार तुमच्या अंगणात, तेव्हा कर महाराष्ट्राचाच भरावा लागतो. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. म्हणजे ९ लाखांच्या पेट्रोल गाडीला ९९ हजार रुपये आणि तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीला १ लाख १७ हजार. बंगळुरूची पावती दाखवून यातला एक रुपयाही कमी होत नाही. गाडीवरचा जीएसटीही देशभर एकच आहे.

मग फायदा कशात? गाडी लवकर मिळण्यात, हवा तो रंग आणि मॉडेल मिळण्यात, क्वचित विक्रेत्याच्या सवलतीत. समोर मांडा खर्च. बंगळुरूहून चित्रदुर्ग, होसपेटे, विजयपूर, सोलापूर करत लोणी देवकरला यायचं म्हणजे सातशेहून जास्त किलोमीटर. लिटरला १५ चा सरासरी पल्ला धरला तरी पन्नासेक लिटर पेट्रोल, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. शिवाय वाटेतले टोल, जाण्याचं तिकीट, एक मुक्काम आणि सोबत्याचं जेवणखाण. तिथल्या टेम्पररी नोंदणीचं शुल्क आणि कर राज्यागणिक बदलतो. तो बिलात "हाताळणी खर्च" असल्या मोघम नावाखाली दिसला, तर सरकारी पावती वेगळी मागा.

इथल्या आरटीओचं शुल्क त्यामानाने किरकोळ आहे. कारच्या नोंदणीचे ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००, आणि कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५०० रुपये. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नव्या गाडीच्या किमतीतच धरलेली असते, तिचे वेगळे पैसे देऊ नका. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला जून २०२२ पासूनचा दर तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. किंमत १० लाखांच्या वर गेली की विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वसूल करतो. आयकर विवरण भरून तो परत मिळतो, पण बरेच शेतकरी विवरणच भरत नाहीत आणि बारा-पंधरा हजार रुपये तसेच सोडून देतात.

शोरूममधून निघण्याआधी कागद हातात घेऊन एकेक बघा: विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा फॉर्म २२, मूळ बिल, विमा, टेम्पररी नोंदणीचं प्रमाणपत्र. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०. तो बारामतीला द्यायचा आणि तपासणीला बोलावलं तर गाडी न्यायची. चॅसी नंबर बिलावर, विम्यावर आणि गाडीवर एकच आहे ना, हे बॉनेट उघडून स्वतः वाचा. भाच्याच्या विम्याच्या कागदावर एक अक्षर चुकलं होतं. ते बंगळुरातच, निघायच्या सकाळी, दुरुस्त झालं म्हणून निभावलं. गावी आल्यावर लक्षात आलं असतं तर अर्ज अडकून पडला असता.

आता मुदतीबद्दल. नियमाप्रमाणे टेम्पररी नोंदणी सहा महिने चालते. राज्यातल्या राज्यात चालवायच्या गाडीला राज्य सरकार महिन्याभराचीही नोंदणी देऊ शकतं. त्यामुळे ऐकीव मुदतीवर जाऊ नका, प्रमाणपत्रावर छापलेली तारीख बघा. काचेवरच्या नंबरात ‘टी’ या अक्षरापुढे महिना आणि वर्ष असतं, पण तो नोंदणीचा महिना, संपण्याचा नव्हे. हा घोटाळा मी अनेकांचा झालेला बघितला आहे.

तारीख उलटून गेली आणि गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी दोन ते पाच हजारांचा दंड, पुन्हा सापडली तर पाच ते दहा हजारांचा. लोक एवढ्यावरच थांबतात. "भरू की पाच हजार," म्हणतात. मला काळजी आहे ती दंडाची नाही, विम्याची.

सर्वोच्च न्यायालयाचा ३० सप्टेंबर २०२१ चा निकाल प्रत्येक नव्या गाडीमालकाने लक्षात ठेवावा. राजस्थानातल्या एका माणसाने नवी बोलेरो घेतली होती. टेम्पररी नंबरची मुदत १९ जुलै २०११ ला संपली. नऊ दिवसांनी तो जोधपूरला कामाला गेला, गाडी रात्री अतिथीगृहाच्या आवाराबाहेर लावली आणि सकाळी ती तिथे नव्हती. विमा होता ६ लाख १७ हजार ८०० रुपयांचा, हप्ता भरलेला. कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाच्या बाजूने कौल दिला, पण न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने तो फिरवला. वैध नोंदणी नसताना गाडी बाहेर काढली, हाच विम्याच्या अटींचा मूलभूत भंग, असं न्यायालयाने म्हटलं. चोरीचा आणि नोंदणीचा काय संबंध, हा युक्तिवाद टिकला नाही. त्याआधी २०१४ मध्ये अपघाताच्या एका प्रकरणातही असंच झालं होतं. मुदत ११ जानेवारी २००६ ला संपली, अपघात २ फेब्रुवारीला झाला, भरपाई शून्य. त्या मालकाने कायम नोंदणीसाठी अर्ज केल्याचा किंवा मुदतवाढ मागितल्याचा कागदच पुढे आला नव्हता, हे न्यायालयाने नोंदवलं.

नऊ दिवस आणि सव्वासहा लाख रुपये. वर कर्जाचे हप्ते चालूच राहतात, कारण बँकेला गाडी चोरीला गेल्याशी देणंघेणं नसतं.

म्हणून सांगते, अर्ज पहिल्याच आठवड्यात करा आणि पावती जपून ठेवा. काही कारणाने तारीख उलटली तर गाडी अंगणातून हलवू नका, लग्नाला नाही, दवाखान्यालाही नाही. रिक्षा परवडते. पसंतीच्या नंबरासाठी थांबणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. आपल्याकडे नंबरची हौस मोठी. चारचाकीच्या ०००१ साठी २०२४ पासून पाच लाख रुपये मोजावे लागतात, तरी मागणारे आहेत. हौसेला माझी ना नाही, पण नव्या मालिकेची वाट बघता बघता टेम्पररीची तारीख निघून जाते आणि ते घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आणखी एक चूक महागात पडते. तिकडचा विक्रेता म्हणेल, "इथलंच पक्कं पासिंग करून घ्या, नंतर बदलून घ्या." तसं केलंत तर तिथला कर भरायचा, ना हरकत दाखला आणायचा, इथला कर पुन्हा भरायचा आणि तिकडच्या कराचा परतावा मागत बसायचं. टेम्पररी नंबरवर आणलेल्या गाडीचा आयुष्यभराचा कर एकदाच, इथेच भरला जातो. एमआयडीसीतल्या ज्यांच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत, त्यांनी बीएच मालिकेची चौकशी जरूर करावी. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि बदली झाली तरी नंबर बदलावा लागत नाही.

ट्रकवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की चॅसी घेतली जाते आणि बॉडी बांधणाऱ्याकडे रांग लागते. गाडी तिथे अडकली तर मुदत तीस दिवसांनी वाढवून मिळू शकते, पण ती मागावी लागते. आपोआप वाढत नाही. आणि टेम्पररी नंबरवरच्या मालवाहू गाडीला परवान्याची सूट आहे ती पासिंगसाठी रिकामी जाताना. बॉडी झाली म्हणून येता येता कुणाचे पाइप किंवा खताची पोती भरून आणलीत, तर ती सूट गेली आणि अपघात झाला तर विमाही अडचणीत.

परदेशी असलेल्या मुलांनाही मुदतीवर लक्ष ठेवावं लागतंच. कॅलिफोर्नियात २०१९ पासून नव्या गाडीला कागदी तात्पुरती पाटी मिळते, नव्वद दिवसांची. जर्मनीत अल्पमुदतीची पाटी अवघ्या पाच दिवसांची असते आणि तिच्या उजव्या कडेच्या पिवळ्या पट्टीवर शेवटची तारीखच छापलेली असते. दुरूनही वाचता येते. आपल्याकडेही तसं व्हावं असं मला फार वाटतं. शेजारच्या देशाची हद्द ओलांडण्याआधी तिथे ती पाटी मानतात का आणि विमा चालतो का, हे मात्र दोन्हीकडे विचारून घ्यायचं.

राहिला फास्टॅग. नव्या गाडीला तो चॅसी नंबरवर मिळतो. गाडी घेतल्यापासून नव्वद दिवसांच्या आत पक्का नंबर बँकेच्या ॲपवर नोंदवावा लागतो, नाहीतर टॅग बंद पडतो. बंद टॅग घेऊन पाटसच्या किंवा सरडेवाडीच्या टोलनाक्यावर गेलात तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट भरावे लागतील, हा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून आहे. राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक पासही नुसत्या चॅसी नंबरच्या टॅगवर मिळत नाही. पुण्याला वरचेवर जाणाऱ्यांनी हे काम नंबर आला त्या दिवशीच उरकावं.

भाच्याची गाडी आली. काचेवरच्या पिवळ्या कागदाची लाल अक्षरं उन्हाने आठवड्यात गुलाबी पडली. वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरात मुदतीच्या तारखेला पेनाने गोल केला आणि त्याच्या पंधरा दिवस आधी आणखी एक. पहिला गोल यायच्या कितीतरी आधी बारामतीहून नंबर आला.