ताल, मेंदू आणि पाऊल

गुरुवारच्या भजनाला जे नियमाने येतात, त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. पखवाजावर थाप पडली, टाळ सुरू झाले, की ज्याला गाता येत नाही त्याचाही पाय हलू लागतो. कडेवरचे मूलसुद्धा डोलते. मग ही लय असते तरी कोठे? वाद्यात, कानात, की आणखी कोठे? गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बराच शोध घेतला आहे. त्यातील चार गोष्टी आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडीत आहोत. कारण त्यांचा संबंध नुसत्या संगीताशी नसून आपल्या घरातील मुलांशी आणि वृद्धांशीही आहे.

पहिली गोष्ट अशी की, लय सर्वस्वी आवाजात नसते. 1894 साली अमेरिकेत बोल्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना अगदी एकसारखे ठोके ऐकवले. त्यांत जड-हलका असा काही भेद नव्हता. तरीही ऐकणारे आपोआप त्यांचे दोन-दोन, तीन-तीन, चार-चारांचे गट पाडू लागले. म्हणजे मात्रा बाहेरून येतात. विभाग मात्र मन पाडते.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. ध्वनी प्रथम कानाजवळच्या श्रवणकेंद्रात पोहोचतो, हे उघडच आहे. परंतु 2007 साली जेसिका ग्रान व मॅथ्यू ब्रेट या संशोधकांनी लोकांना न हलता पडून लयीचे निरनिराळे तुकडे ऐकण्यास सांगितले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. ज्या तुकड्यांत ठोका स्पष्ट जाणवत होता, ते ऐकताना मेंदूचे हालचालीशी संबंधित भाग अधिक जागे झालेले दिसले. एक, हालचालीची आखणी करणारा माथ्याजवळचा भाग. आणि दुसरा, मेंदूच्या पोटात खोलवर असलेले पेशींचे पुंजके, ज्यांना वैद्यकात बेसल गँग्लिया म्हणतात. शरीर स्वस्थ होते, पण मेंदू आतल्या आत जणू ताल धरीत होता.

तिसरी गोष्ट म्हणजे मेंदू ठोक्याच्या मागून जात नाही, तो त्याची वाट पाहत पुढे उभा असतो. ठोक्याबरोबर बोट आपटा असे सांगितले, तर बहुतेकांचे बोट सेकंदाच्या काही शतांशांनी आधीच पडते. 2009 साली बुडापेस्टचे विंक्लर व त्यांचे सहकारी यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. मुख्य ठोका मध्येच गाळला, तेव्हा बाळांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींत त्याची नोंद उमटली. न वाजलेला ठोका ऐकू यावा, ही किमया अपेक्षेची! आपल्या त्रितालात नवव्या मात्रेला टाळीऐवजी हात उघडा टाकतात आणि त्या विभागात डग्ग्याचा घुमारा ओसरतो. ही खाली आपल्याला सम जवळ येत असल्याची खूण देते, तीही याच अपेक्षेच्या बळावर.

या अपेक्षेला मर्यादा आहे. दोन ठोक्यांत सुमारे दोन सेकंदांहून अधिक अंतर पडले की ते सुटे सुटे भासू लागतात. अतिविलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची होते. तेथे तबलजी मधली जागा बोलांनी भरून काढतो आणि गवई मात्रेचे चार भाग मनात मोजत राहतो.

चौथी गोष्ट मुलांच्या शिक्षणाची. 2005 साली कॅनडात फिलिप्स-सिल्व्हर व ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवले, काहींना दर तिसऱ्या. पुढे जड-हलके ठोके घालून तोच ठेका दोन प्रकारे ऐकवला, तेव्हा ज्या बाळाला जसे झुलवले होते तसाच प्रकार त्याने अधिक वेळ ऐकला. दुसऱ्याला झुलताना नुसते पाहिलेल्या बाळांवर हा परिणाम दिसला नाही. हातावर टाळी-खाली देत पाठ म्हणायला लावणारे आपले जुने गुरुजी यापेक्षा वेगळे काय सांगत होते?

आता वृद्धांविषयी. कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा विकार, यात त्याच बेसल गँग्लियांना लागणारे डोपामिन हे द्रव्य कमी पडते. हात थरथरतो, पावले आखूड पडतात; कधी उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. आतला ताल दुबळा झालेल्या या माणसांना बाहेरचा ताल आधार देतो. 1996 साली अमेरिकेत थाऊट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना तीन आठवडे रोज ठोकेबद्ध संगीताबरोबर चालवले. त्यांचा चालण्याचा वेग सरासरी पाव हिश्शाने वाढला. हा रोग बरा करणारा उपाय नव्हे. औषधाची जागा तो घेत नाही. पण सरावाला त्याची जोड मोलाची आहे, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

आपल्यातही असे एक वयस्क सभासद आहेत. पूर्वी ते भजनात टाळ धरीत. आता दारापर्यंत येतात आणि तेथेच थबकतात. मागचे लोक नकळत घाई करतात. आमची वाचकांना विनंती एवढीच, की अशा वेळी त्यांना ओढू नये. डॉक्टरांचा सल्ला घेऊन, कोणी तरी जवळ राहून, त्यांच्या पावलाला जुळेल असा संथ, सारखा ठेका टाळीने धरावा. आणि मुलांच्या गायनवर्गात यंत्रावरचा ठेका जरूर लावावा. पण हात मोकळे ठेवू नयेत, टाळी द्यायला लावावी.

लय कानात शिरते खरी, पण ती वसते हालचालीत. जी लय आज आपण मुलांच्या हातांत घालू, तीच उद्या कोणाच्या तरी थबकलेल्या पावलाला उंबरा ओलांडून देईल.