दिवस मोजू नकोस, सकाळी मोज

राजा, छत्रपती संभाजीनगरला यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण “आत्या, अजिंठा-वेरूळला दीड दिवस पुरेल ना?” असं विचारलंस, म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते. तुझी घाई मला लहानपणापासून ठाऊक आहे. शेवटचा घास तोंडात असतानाच तुझे पाय चपलेत असायचे. तेव्हा आधी सगळं वाच, मग रजा टाक.

१. दिवस मोजू नकोस, सकाळी मोज. अजिंठ्याला एक, वेरूळला एक आणि देवगिरीच्या किल्ल्याला एक, म्हणजे आदल्या संध्याकाळी येऊन तीन रात्रींचा मुक्काम – तिन्हीकडे चढउतार आहे, आणि ऊन चढलं की पाय आधी थकतात, मन मागोमाग.

२. तिकिटाआधी वार बघ. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मुक्कामात हे दोन्ही वार आलेच तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा ठेव – ज्यानं वार नाही पाहिला, त्यानं कुलूप पाहिलं.

३. अजिंठ्याला अख्खा दिवस दे आणि सकाळी सातच्या आत घर सोड – अंतर शंभरेक किलोमीटर, त्यात फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून शेवटचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं.

४. तिथल्या लेण्यात शिरलास की लगेच फोन काढू नकोस, दोन मिनिटं नुसता उभा राहा – डोळे अंधाराला सरावल्याशिवाय पहिल्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र दिसतच नाही. फ्लॅशला तर बंदीच आहे, कारण ते रंग शतकानुशतकं टिकलेत आणि पुढेही टिकायला हवेत.

५. आई-बाबा बरोबर असतील तर अजिंठ्याची सगळी लेणी करायचा हट्ट धरू नकोस. १, २, १६, १७ आणि २६ निवांत दाखव – पहिल्या चारांत चित्रं आहेत, सव्विसाव्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती. चढण झेपत नसेल तर डोलीवाले मिळतात, बाबांना संकोच करू देऊ नकोस.

६. वेरूळची ३४ लेणी एका दमात उरकू नकोस. सकाळी १ ते १२ ही बौद्ध लेणी आणि मग बसनं जाऊन ३० ते ३४ ही जैन लेणी बघ – जैन लेणी एका टोकाला आहेत, शेवटी ठेवली की हमखास राहून जातात.

७. जेवण झाल्यावर कैलास, म्हणजे सोळावं लेणं, आणि त्याला निदान दीड तास – ते पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपार कलली की ऊन समोरून येतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, ते एकाच कातळात शिखरापासून खाली कोरत आणलं. तूही नजर वरूनच खाली आण.

८. गाडीवाला म्हणेल, “दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, मकबरा, सगळं एका दिवसात करून देतो.” त्याला चहा पाज आणि नम्रपणे नको म्हण – पोचवणं त्याचं काम, पाहणं तुझं.

९. देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, वेरूळच्या वाटेवरच आहे म्हणून येता-जाता चढू नकोस. त्याला वेगळी सकाळ, पाण्याची बाटली आणि बॅटरी दे – खंदक, तुटलेला कडा आणि काळोखी अंधारी पार केल्यावरच कळतं की यादवांनी इथे राजधानी का केली आणि तुघलकाला १३२७ मध्ये दिल्ली सोडून इथे यावंसं का वाटलं.

१०. त्याच दिवशी दुपारनंतरचा वेळ शहराला दे: पाणचक्की, भडकल दरवाजा, आणि ऊन उतरल्यावर बीबी का मकबरा – मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली, त्या गावाचं शहर कसं झालं हे रस्त्यानं चालल्यावरच समजतं. नान-खलिया खाल्ल्याशिवाय मात्र परत येऊ नकोस.

११. एप्रिल-मेमध्ये येणार असशील तर एक रात्र वाढव – भर दुपारी घरातच बसावं लागतं, म्हणजे प्रत्येक दिवस अर्धाच हाती येतो. पावसाळ्याच्या अखेरीस आलास तर अजिंठ्याचं वाघूर नदीचं खोरं हिरवंगार असतं, धबधबाही मिळतो.

१२. श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला वेरूळ ठेवू नकोस, दर्शन हवं असेल तर अर्धा दिवस वेगळा धर – घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग आहे, लेण्यांच्या अगदी जवळ, आणि त्या दिवशी रस्ताही भक्तांचा असतो.

१३. परतीची गाडी जळगावहून असेल तर अजिंठा सगळ्यात शेवटी ठेव – तिथून जळगाव साठेक किलोमीटर, उगाच उलटं इथवर यायला नको.

१४. चौथा दिवस सापडलाच तर पैठणला जा, नाथांची समाधी बघ, पैठणी विणताना बघ. लोणार मात्र पुढच्या फेरीला – एका रजेत दोन सहली, पदरात दोन्ही अर्ध्या.

१५. इथूनच मुंबईला परतणार असशील तर दुपारची गाडी घेऊ नकोस, रात्रीची देवगिरी एक्सप्रेस घे – शेवटचा दिवस पूर्ण हाती राहतो आणि घड्याळाकडे बघत किल्ला उतरावा लागत नाही.

आणि समजा, साहेबांनी दोनच रात्री दिल्या, तर एक जागा आनंदानं सोडून दे, पण तिन्ही धावत बघू नकोस. जे राहील त्यासाठी पुन्हा ये, आत्याचं दार उघडंच आहे. फक्त तारखा पक्क्या करण्याआधी एक फोन कर; वार मी बघून देते.