कुठला लेसर, हे आधी विचारा

‘लेसर करून घ्या, काम होऊन जाईल’ हा सल्ला आपल्याकडे फार सढळपणे दिला जातो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागे धरलेली जाळी लेसरने काही मिनिटांत साफ होते, मधुमेहातही लेसरने अनेकांची नजर वाचली आहे. मग वयोमानाने मॅक्युला खराब झाला की घरचे लेसरचीच चौकशी करतात. माझ्या मते या आजारात लेसर हा बहुतांशी मागे पडलेला उपाय आहे आणि त्याच्या आशेवर घालवलेले आठवडे महागात पडतात. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला इवलासा भाग. वाचणं, माणसं ओळखणं, सुईत दोरा ओवणं सारं त्याच्या जिवावर. या आजाराचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार; ओल्या प्रकारात त्याच्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाझरू लागतात. जुना लेसर त्या जाळायचा, पण सोबत वरचा पडदाही जळायचा आणि तिथे कायमचा डाग राहायचा. 1980 च्या दशकातल्या अमेरिकी चाचण्यांत मध्यबिंदूपासून दूरच्या गळतीवर तो उपयोगी ठरला, तरी गळती अनेकदा उलटायची. 2006 मध्ये रॅनिबिझुमॅब या डोळ्यात टोचायच्या औषधाच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि चित्र पालटलं. दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे 95 टक्के लोकांची नजर वर्षभर बव्हंशी टिकली. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 62 टक्के होतं. कोरड्या प्रकारातले पिवळे ठिपके आधीच लेसरने घालवून पुढचं नुकसान टाळता येईल, ही आशाही त्याच वर्षी एका पाच वर्षांच्या चाचणीने फोल ठरवली.

यावर लोक म्हणतात, डोळ्यात सुई कोण टोचून घेणार, तीही पुन्हा पुन्हा, आणि खर्च? भीती रास्त आहे. पण डोळा आधी बधिर करतात, टोचणं क्षणाचं असतं. जंतुसंसर्ग गंभीर खरा, पण विरळा. खर्चाचं म्हणाल तर कॅन्सरसाठी निघालेलं बेव्हॅसिझुमॅब बरंच स्वस्त आहे आणि 2011 च्या अमेरिकी तुलनेत ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं ठरलं. मात्र एका कुपीतून अनेकांना डोस काढतात, म्हणून निर्जंतुकपणाची चौकशी जरूर करा. मग लेसर टाकाऊच का? तसंही नाही. रक्तवाहिन्यांना फुगवटे येणारा एक उपप्रकार आशियाई लोकांत जास्त दिसतो. त्यात शिरेतून औषध देऊन, न जाळणाऱ्या लेसरने ते जागं करण्याची पद्धत इंजेक्शनच्या जोडीला आजही कामी येते. म्हणून लेसर सुचवला तर तो कुठला, कोणत्या उपप्रकारासाठी आणि इंजेक्शनऐवजी की जोडीला, हे डॉक्टरांना विचाराच. पडद्याचं ओसीटी स्कॅन आणि गरजेनुसार डोळ्याच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी झाल्याशिवाय होकार देऊ नका. आणि साठी ओलांडली असेल तर आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून चौकडीच्या वहीचं पान बघा: रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधली चौकट पुसट झाली, तर पुढच्या महिन्याची वेळ घेऊ नका, त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.