हनुवटीवरचा कापूस

सकाळी साडेसहाला बाबांनी दाढी केली. हनुवटीला ब्लेड जरासं लागलं, म्हणून कापूस दाबून ते चहाला बसले. नऊ वाजता मी कामावर निघाले तेव्हा तिसरा कापूस लाल होत होता. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, थोडं वाहणारच," ते म्हणाले आणि मलाही ते पटलं. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय, हे त्यांनी संध्याकाळी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

रात्री लॅबचा रिपोर्ट आला. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, ७.८. तो २ ते ३ च्या मध्ये असायला हवा होता.

बाबा म्हणजे माझे सासरे, वय ७२. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली सुरू झालेल्या प्रकल्पात म्हाडाने चारकोपला छोटे छोटे प्लॉट पाडले. त्यांतल्याच एकावर आमचं घर उभं राहिलं. मधे चौक, भोवती घरं. अशा वस्तीत माणूस एकटा पडत नाही, हे तिचं मोठं सुख. पण कुणाचा गुडघा दुखू लागला की चार दारांतून चार गोळ्याही येतात. आमच्याकडे तशाच आल्या.

लहानपणी बाबांना सांधे सुजून ताप यायचा. त्या तापाने हृदयाची एक झडप अरुंद करून ठेवली होती, आणि उतारवयात ठोके विस्कटले. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तेव्हा रक्त तिथे रेंगाळतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे निसटते. ठोके असे अनियमित झाले की स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो. झडप अरुंद असेल तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणून बाबांना रोज रात्री असिनोकुमारॉलची गोळी सुरू झाली, आणि महिन्याला एकदा आयएनआर तपासणी. दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं होतं.

मग हिरडी सुजली. दाताच्या डॉक्टरांनी पाच दिवस मेट्रोनिडाझोल दिलं. कोणती औषधं चालू आहेत हे त्यांनी विचारलं होतं. बाबांनी बीपीची गोळी सांगितली, ही सांगितली नाही. "अगं, दाताच्या डॉक्टरला हृदयाचं कशाला सांगायचं?" असं त्यांनी नंतर मला विचारलं, अगदी मनापासून. त्याच आठवड्यात गुडघा धरला, तेव्हा शेजारच्या काकूंनी डायक्लोफेनॅकची पट्टी दिली. त्यांच्या हातून ती मीच घेतली आणि पाण्याच्या पेल्यासोबत बाबांपुढे ठेवली. हे लिहिताना आजही हात थांबतो.

मेट्रोनिडाझोलमुळे यकृतात असिनोकुमारॉलचा निचरा मंदावतो, म्हणजे गोळी तीच असली तरी तिचा जोर वाढतो. डायक्लोफेनॅक जठराच्या अस्तराला इजा करतं आणि रक्त थांबवणाऱ्या पेशींचं, म्हणजे प्लेटलेटचं, कामही अडवतं. दोन्ही एकाच आठवड्यात पोटात गेली. बाबांना दाखल करून गोळी थांबवली, क जीवनसत्त्वाचं नव्हे, के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. पाचव्या दिवशी ते घरी आले.

के जीवनसत्त्वच का, याचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका गवताचा बुरसटलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३ च्या फेब्रुवारीत, ऐन हिमवादळात, एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचं न गोठलेलं रक्त घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. तिथे कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं खपून त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्यातूनच पुढे वॉरफरिन आलं. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी विकलं जात होतं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागलं. असिनोकुमारॉल त्याच घराण्यातलं. यकृत के जीवनसत्त्व वापरून गुठळी घडवणारे घटक तयार करतं. ही औषधं नेमकी तिथेच आड येतात. रक्त पाण्यासारखं पातळ वगैरे होत नाही, ते गोठायला फक्त वेळ लावतं.

घरी आल्यावर जे झालं ते मला आधीच्या प्रसंगापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. बाबा घाबरले होते. हृदयाच्या डॉक्टरबाईंनी कमी मात्रेत गोळी पुन्हा सुरू केली. ते ती डब्यातून काढायचे आणि खिशात ठेवायचे. पुढच्या तपासणीत आयएनआर १.२ आला, म्हणजे जवळजवळ गोळी न घेणाऱ्या माणसाइतका. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "रक्त वाहिलं ते तुम्हाला दिसलं, म्हणून त्याची भीती बसली. गुठळी दिसत नाही," एवढंच म्हणाल्या. त्या रात्रीपासून गोळी सगळ्यांसमोर, जेवणाच्या ताटाशी घेतली जाते.

न दिसणारी ही बाजू किती मोठी आहे ते गडचिरोलीत मोजलं गेलं आहे. 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्ट्रोक हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. दर सातांतला एक मृत्यू. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू म्हाताऱ्यांचा आजार, ही समजूत तेव्हापासून मी कुणाकडून ऐकून घेत नाही.

आता आमच्या घरात काय पाळलं जातं ते सांगते, कारण चौकात अजून तिघांना अशा गोळ्या चालू आहेत.

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात, रेल्वेच्या पासाशेजारी, एक कार्ड असतं. त्यावर गोळीचं नाव, मात्रा, ती कशासाठी चालू आहे, शेवटचा आयएनआर आणि माझा फोन नंबर. दात, डोळे, कातडी, हाडं, कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी कार्ड टेबलावर ठेवायचं. मेडिकलच्या दुकानातही तेच. नवं औषध सुरू झालं, बंद झालं किंवा मात्रा बदलली, तर महिना संपायची वाट न बघता आयएनआर केव्हा करायचा ते हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं. बहुधा तीन ते पाच दिवसांत करायला सांगतात. अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधं आयएनआर वाढवू शकतात, तर टीबीवरचं रिफाम्पिसिन तो खाली आणतं.

दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने नाही. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही रोज, भरपूर, आठवडाभर घेतलं तर आयएनआर चढतो. पावसाळ्यात ताप आला तर आम्ही जास्तच सावध असतो. आमच्याकडे डेंग्यूची साथ दरवर्षीची, आणि डेंग्यूत प्लेटलेट घसरतात. त्यात रक्ताची गोळी चालू असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.

पालेभाजी सोडायची नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पालक, मेथी, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर, म्हणून लोक हिरवं बंदच करतात, आणि मग ऋषिपंचमीला ऋषीची भाजी झाली की चार दिवस पातेलं संपेपर्यंत तीच खातात. बिघडतं ते या चढउताराने. आठवड्याला साधारण सारखीच पालेभाजी पोटात गेली तर गोळीची मात्रा तिच्याशी जुळवून ठरवता येते. फोडणीतली हळद-लसूण खुशाल खावी. लसणाच्या आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत.

एखादी रात्र चुकली तर त्याच दिवशी आठवल्यास घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन कधीच नाहीत.

रक्ताच्या सगळ्या गोळ्या एक नसतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. समोरच्या घरातल्या काकांना स्टेंट बसवली आहे. त्यांची अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना चिकटू देत नाहीत, त्यांना आयएनआर लागत नाही. पण ती अचानक बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. मागच्या गल्लीतल्या आजींना अपिक्साबॅन आहे. नव्या पिढीचं औषध, दिवसातून दोनदा, तपासणीची कटकट नाही. बाबांनाही ते हवं होतं. पण संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपांच्या रुग्णांवर भारतासह २४ देशांत झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ साली आले. तिच्यात नव्या पिढीतल्या रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्या घराण्यातली औषधं सरस ठरली. धातूची झडप बसवलेल्यांनाही जुनीच लागते. आणि ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांनी सत्तरीनंतर 'हृदयासाठी बरी' म्हणून रोजची अ‍ॅस्पिरिन स्वतःहून सुरू करू नये. २०१८ साली १९,००० हून अधिक निरोगी वृद्धांच्या अभ्यासात तिने हृदयविकाराला विशेष आळा बसला नाही, रक्तस्राव मात्र वाढले.

काळं शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, मार न लागता उठलेले काळेनिळे डाग, अचानक उठलेली जबर डोकेदुखी: यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब डॉक्टर. पडून डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, इस्पितळ. तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण रक्ताची गोळी चालू असलेल्याला ते देता येईल की नाही, हे कोणती गोळी आणि शेवटची केव्हा घेतली यावर ठरतं. कार्ड तिथेही लागतं.

गेल्या महिन्यात बाबांची ती दाढ शेवटी काढायचीच ठरली. त्यांनी कार्ड पुढे केलं. दाताच्या डॉक्टरांनी आमच्यासमोर हृदयाच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. आदल्या दिवशीचा आयएनआर २.३ होता, त्यामुळे गोळी बंद न करताच दाढ काढली, टाका घातला आणि अर्धा तास कापूस चावून बसवून ठेवलं. बाबा रिक्षात बोलू शकत नव्हते. घरी आल्यावर त्यांनी कापूस काढून मला दाखवला, कडेला फिकट गुलाबी झालेला, आणि रात्री ताटाशी बसल्यावर गोळीचा डबा स्वतःच पुढे ओढला.