कामावरील इजा व धन्याचे देणे

कुंभिवली व आसपासच्या गावांतील पुष्कळ तरुण आता केवळ भातशेतीवर न राहता खोपोली-खालापुराकडील कारखान्यांत रोजगारास जातात. समजा, त्यांपैकी एखाद्याचा हात यंत्रात सापडला. मुकादम दवाखान्याचा खर्च करतो, घरी थोडे पैसे पोहोचवितो व एका कागदावर अंगठा घेतो. घरची माणसे म्हणतात, धनी मोठ्या मनाचा! वाचकहो, चूक होते ती येथेच. ही दया नव्हे. हे देणे आहे.

पूर्वी तसे नव्हते. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला, आणि १९१५ साली खोपोलीस टाटांचे वीजगृह सुरू झाले. त्या कामांवर जायबंदी झालेल्या मजुरास भरपाई देणारा असा कायदाच नव्हता. धन्याचा निष्काळजीपणा कोर्टात शाबीत करावा, हे गरिबाला कोठून साधणार? १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ही अडचण दूर केली. अपघात कामावर असता व कामामुळे घडला, एवढे दाखविले म्हणजे पुरे. धन्याचा दोष दाखवावा लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्यात आला आहे. परंतु तत्त्व तेच आहे.

'कामामुळे' म्हणजे काय, याविषयी मुंबई हायकोर्टाचा एक निवाडा १९५४ च्या निवाडासंग्रहात आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टचा एक पहारेकरी रात्रपाळीवर असता छातीत दुखून वारला. त्यास हृदयविकार आधीच होता. तरी कामाच्या श्रमाने मरण लवकर ओढवले असेल, तर तेही भरपाईस पात्र, असे कोर्टाने ठरविले.

रक्कम मुकादमाच्या मर्जीवर नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा अर्धा भाग वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणावा. तीस वर्षांच्या माणसाचा अंक २०७.९८ आहे; वेतन १२,००० रुपये असल्यास भरपाई १२,४७,८८० रुपये होते. (आकडा वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.) शिवाय ही रक्कम परस्पर घरी देऊन धनी मोकळा होत नाही, ती अधिकाऱ्याकडे भरावी लागते.

मजूर दारूच्या नशेत होता किंवा त्याने यंत्राचे संरक्षक आवरण जाणूनबुजून काढले होते, असे ठरल्यास धनी इजेची भरपाई नाकारू शकतो. पण मृत्यू किंवा कायमची पूर्ण अपंगता आली असता ही सबब चालत नाही. आणि 'तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस,' हे उत्तरही, काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्यातले असल्यास, पुरेसे नाही.

ज्याच्या वेतनातून राज्य विमा योजनेची वर्गणी कापली जाते, त्याने मात्र विमा महामंडळाकडे जावे. त्यास धन्याकडून दुसऱ्यांदा भरपाई मिळत नाही. इतरांनी दोन वर्षांच्या आत दावा करावा. हक्क सोडल्याचा अंगठा घेतला असला तरी तो करार कायद्याने रद्द आहे. गावात ज्यास लिहिता येते, त्याने अपघाताचा दिवस, वेळ, पाहणाऱ्यांची नावे व हजेरीचा पुरावा त्याच आठवड्यात टिपून ठेवावा. पुढे साक्षीदारही कामे बदलतात.