ट्रकचा पाटा आणि लंबकाचा दोरा

देहूरोड-कात्रज वळणरस्ता पुनावळ्यावरून जातो. रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून तेथील मालट्रक पाहा. रिकामा ट्रक खड्ड्यावरून खडखडत, पटापट हादरत जातो. भरलेला ट्रक त्याच खड्ड्यावर संथपणे डुलतो. असे का?

ट्रकचा सांगाडा पोलादी पाट्यांवर टेकलेला असतो. पाटा दाबला की तो उलट ढकलतो. दुप्पट दाबला तर दुप्पट जोराने. हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. खड्ड्यामुळे सांगाडा मूळ जागेवरून ढळला की पाटा त्याला परत आणतो. पण जडत्वामुळे तो तिथे न थांबता पलीकडे जातो. हेच आंदोलन. खड्डा लहान की मोठा यावर परमप्रसर ठरतो, दोलनकाल मात्र बदलत नाही.

हा दोलनकाल काढायला ट्रकचे वजनसुद्धा करावे लागत नाही! भाराने पाटा एकूण किती दबला, एवढेच मोजा. भार वाढला तरी पाटा अधिक दबतो आणि पाटा मऊ असला तरीही; म्हणजे दोन्ही गोष्टी या एका मापात आल्या. हे अंतर मीटरमध्ये घेऊन ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने गुणा. ओळखीचे वाटते ना? हे तर साध्या लंबकाचे सूत्र! दोऱ्याच्या लांबीच्या जागी पाट्याचे दबणे आले, इतकेच.

समजा, रिकाम्या ट्रकचा पाटा २.५ सेंटिमीटर दबला आहे. दोलनकाल आला ०.३२ सेकंद. माल भरून भार चौपट झाला, पाटा १० सेंटिमीटर दबला, की दोलनकाल दुप्पट, ०.६३ सेकंद. (मागचे जादा पाटे आपण तूर्त सोडून देऊ.)

आता रस्त्यावर दर ६ मीटरला एक उंचवटा असेल तर? भरलेला ट्रक ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने गेला, तर प्रत्येक धक्का नेमका डुलण्याच्या तालावर बसेल आणि परमप्रसर वाढत जाईल. हे अनुस्पंदन. चाक रस्त्यावरून क्षणभर सुटले, तर त्या क्षणी ब्रेक आणि सुकाणू दोन्ही निरुपयोगी!

म्हणून आंदोलनातली ऊर्जा काढून घ्यावी लागते. पाटे एकमेकांवर घासतात, त्यात थोडी जाते. उरलेले काम शॉकअब्सॉर्बर करतो: दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि ऊर्जेची उष्णता होते. उभ्या मोटारीचा कोपरा दाबून सोडा. ती बराच वेळ डुलत राहिली, तर शॉकअब्सॉर्बर झिजला असे गॅरेजवाले ओळखतात.

वर्गात हाच हिशेब टांगलेल्या स्प्रिंगवर पडताळता येईल. स्प्रिंग हलकी आणि सुट्या वेटोळ्यांची हवी. तिला १० सेंटिमीटर ताणेल एवढे वजन अडकवा, किंचित खाली ओढून सोडा आणि २० आंदोलने मोजा. सुमारे १२.७ सेकंद लागायला हवेत. मग थोडे अधिक ओढून पुन्हा मोजा.