मामांची ट्रंक

अरेरा कॉलनी, भोपाळ

चि. विलास,

तुझं पत्र आणि तुझ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या मामांच्या, ट्रंकेतल्या वस्तूंचे फोटो मिळाले. भिंग लावून दोनदा पाहिले. आधी एकच सांगतो, पदकांच्या त्या ताऱ्यांना हात लावू नकोस. ‘आई म्हणते चिंचेने लख्ख निघतील’ हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांना ही पदकं कोरीच मिळाली, आपल्याकडच्यांना मात्र नाव ठोकून देत. तारा उलटा करून बघ. क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट, सगळं बारीक अक्षरात सापडेल. चिंच लावलीस तर मामा जायचे निघून.

सगळ्यात मोलाचा तो क्रमांक. नावाचा भरवसा नाही. रोमन लिपीत उर्दू लिहिणाऱ्या कारकुनाने तुमचं आडनाव कसं ऐकलं असेल ते देवच जाणे. चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहा, आणि जन्मतारखेवरून कोणाशी वाद घालू नकोस. भरतीच्या वेळी वय अंदाजाने लिहिलं जायचं.

आता फिती बघ. एकीवर तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे पट्टे आहेत. इटलीच्या झेंड्याचे रंग, म्हणजे हा इटली स्टार. दुसरी वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा, दोन्ही अंगांना निळ्या रेघा. ती आफ्रिका स्टारची. हे दोन्ही एका माणसाकडे असणं बरंच काही सांगतं. मामांच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण इराकमार्गे इटलीत गेली आणि १९४३ च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीवर लढली. दुसरी जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. तिसरी मात्र मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर होती आणि पुढे इटलीतही. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच तिसऱ्या पलटणीत, १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्या भागातल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. तेव्हा माझा अंदाज तिसऱ्या पलटणीचा. पण अंदाजच. माणसं एका पलटणीतून दुसरीत जात, म्हणून हे वहीत पेन्सिलीने लिही.

मामा घाडग्यांच्या शेजारी होते असं मात्र अजिबात लिहू नकोस. तुझ्या पत्रात ते दोन ठिकाणी आलं आहे. हसू नकोस, मीही यातून गेलो आहे.

माझ्या बाबांना इटालियन शब्द येत. पाव म्हणजे ‘पाने’, पाणी म्हणजे ‘आक्वा’, आणि आम्ही खाऊला आणे मागितले की ‘दोमानी’, म्हणजे उद्या. आई शेजारपाजारी सांगायची, ‘हे इटलीत होते लढाईला.’ बाबा हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत, पेपर उलटत. पुढे १९५६ साली राज्याची राजधानी इथे आली, सचिवालयातले कारकून नागपूरचं बिऱ्हाड मोडून भोपाळला आले, त्यात आम्हीही. मी नऊ वर्षांचा होतो. पहिल्याच आठवड्यात बाबा आम्हाला तलावावरून बैरागढला घेऊन गेले, कोणाला वाट न विचारता. सिंध्यांच्या दुकानातून कापड घेतलं आणि मागच्या एका लांबट बराकीसमोर किती तरी वेळ उभे राहिले. आई म्हणाली, चला आता. मला तेव्हा कळायला हवं होतं, पण नऊ वर्षांच्या पोराला काय कळणार.

ते गेल्यावर रेशनकार्डाच्या फायलीत डिस्चार्ज बुक सापडलं. गॅरिसन पलटण, नेमणूक युद्धकैद्यांची छावणी, भोपाळ. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या इटालियन सैनिकांना जहाजांनी हिंदुस्थानात आणलं, साठ हजारांहून जास्त. त्यांच्या छावण्यांपैकी एक मोठी बैरागढला होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांची सोय झाली. बाबांनी इटली पाहिलीच नव्हती. इटलीच त्यांच्याकडे आली होती, आणि ते तारेच्या या बाजूला बंदूक घेऊन उभे होते. तेव्हा आईच्या डब्यातली पदकं पुन्हा काढली. वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. दोन्ही गोल. तारा एकही नाही. हे इतकी वर्षं घरात होतं आणि आम्ही कोणी बघितलं नव्हतं.

वाईट वाटलं. ते लढले नाहीत म्हणून नव्हे, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. तुला खरं सांगतो, त्याच कारणाने वाटलं. मग ‘दोमानी’ आठवलं. उद्या सोडतील, उद्या घरी जाऊ, हा शब्द त्या कैद्यांच्या तोंडून त्यांनी किती वेळा ऐकला असेल, की तो आमच्या खाऊच्या आण्यांपर्यंत आला.

म्हणून आधीच तयारी ठेव. मामांचे तारे खरे आहेत, पण तारा गोळी झाडणाऱ्याला मिळाला तसाच लंगरात रोट्या भाजणाऱ्यालाही. कागदात खेचरं निघतील, मोटार निघेल, दवाखाना निघेल. जे निघेल ते घे.

आता कामाचं. शिपायांचे कागद लंडनला नाहीत. तिथे ब्रिटिश लायब्ररीत हिंदी लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या फायली आहेत, शिपायांची सेवापत्रकं, म्हणजे शीट रोल, आपल्याकडे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठ्यांचं ते बेळगावला. तू मुलगा आहेस हे दाखवणारा कागद, मृत्यूचा दाखला आणि तो क्रमांक, एवढं जोडून अर्ज कर. एक प्रत साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाला दे. तुझ्या आईला, मामींना, पेन्शन मिळत असेल तर पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओही काढ, त्यावर क्रमांक असतो. उत्तराला वेळ लागेल.

तोवर तुझ्या प्राजक्ताला एक काम सांग. ती लंडनलाच आहे ना? तिथल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत, इटलीच्या डब्ल्यू.ओ. १७० या मालिकेत, आफ्रिकेच्या १६९ मध्ये. तिला आधीच बजाव, आजोबांचं नाव मिळेल या आशेने जाऊ नकोस. साहेबांची नावं असतात, शिपायांचे आकडे. अमुक जखमी, तमुक बेपत्ता. पण पाऊस कधी लागला, नदी कुठल्या रात्री ओलांडली, पुढचा मुक्काम कुठे पडला, हे तारीखवार मिळेल, आणि मामा पलटणीबरोबर असतील तर तो पाऊस त्यांच्याही अंगावर पडलेला असणार. युद्धकबरींच्या यादीत मात्र शोधू नकोस, ती तिकडेच राहिलेल्यांची आहे. आपले मामा परत आले म्हणून तर तू आहेस.

आणि मामींना विचार. आजच, कागदांच्या आधी. लढाई विचारू नकोस, त्यांना कोणी सांगितली नसेल. मनीऑर्डर कितीची यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, मामा घरी आले तेव्हा काय घातलं होतं आणि आल्या दिवशी काय खाल्लं, हे विचार. त्यांच्याच शब्दांत लिहून घे, सुधारू नकोस.

मामींना माझा नमस्कार. त्या फिती मळल्या आहेत म्हणून धुवायला काढतील. लपवून ठेव.

तुझा,
दादा